रत्नागिरी ११२२, आणि त्यात माझी आई

रत्नागिरी, ११२२. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी, कसलीही तयारी करणाऱ्या पोराला मध्यरात्री उठवून विचारा की महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे सगळ्यात जास्त बायका कुठल्या जिल्ह्यात, डोळे न उघडता हे उत्तर देईल. यंदा गणपतीत माझा भाचा गावी आला होता, तोही भरतीच्या मागे आहे, आरती झाल्यावर सगळे पडवीत बसलेले असताना त्याने हाच प्रश्न घातला, स्वतःच उत्तर दिलं आणि म्हणाला, आत्या बघ, मुलींच्या बाबतीत आपला जिल्हा एक नंबर. सगळ्यांनी कौतुकाने माना डोलावल्या. आई तिथेच खांबाला टेकून वाती वळत बसली होती, ती काहीच बोलली नाही, आणि तेव्हापासून हे माझ्या डोक्यात आहे.

आकडा खराच आहे. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात पुरुष ७,६१,१२१ आणि बायका ८,५३,९४८, म्हणजे जवळजवळ ९३ हजार बायका जास्त. सगळ्या महाराष्ट्राचं प्रमाण ९२९ आहे, ज्या केरळचं आपण इतकं ऐकतो त्याचं १०८४, आणि आमचं ११२२. पण मुलींना जपणारा जिल्हा म्हणून हा आकडा सांगितला जातो ना, तिथे माझं पोट दुखतं. कारण मुलींना जपतात की नाही हे बघायचं तर सहा वर्षांच्या आतल्या पोरांचा आकडा बघावा लागतो, आणि तो २०११ ला रत्नागिरीत ९३६ होता, २००१ ला ९५२ होता. म्हणजे इथेही हजार मुलग्यांमागे मुली कमीच आणि दहा वर्षांत आणखी घसरलेल्या. राज्याच्या ८९४ पेक्षा बरा आहे, हे मान्य. पण पाळण्यात मुली कमी आणि गावात बायका जास्त, तर मधे काय झालं? मधे पुरुष गाडीत बसून मुंबईला गेले, एवढंच झालं.

आणि ते गेले कुठे हेही त्याच जनगणनेत दिसतं. मुंबई शहर जिल्हा ८३२, मुंबई उपनगर ८६०, ठाणे ८८६. आता आमच्या घराचं सांगते. २०११ मध्ये माझे बाबा कांदिवलीला एका सोसायटीत वॉचमन होते, तिथेच खोलीत राहायचे, म्हणजे ते त्या ८६० मधे. भाऊ नालासोपाऱ्याला, तेव्हा पालघर जिल्हा झालेला नव्हता (तो २०१४ ला झाला), म्हणून तो ठाण्याच्या ८८६ मधे. आणि आई एकटी संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या वाडीत, ती ११२२ मधे. एकाच रेशनकार्डावरची तीन माणसं तीन जिल्ह्यांच्या तीन कोष्टकांत बसली. मुंबईत पुरुष जास्त का आणि रत्नागिरीत बायका जास्त का, हे दोन वेगळे प्रश्न नाहीतच, ते आमचंच घर आहे, मधून कापलेलं.

हे काही आजचं नाही. मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५० च्या दशकात सुरू झाली आणि तेव्हापासून कोकणचा बाप्या मुंबईला जायला लागला, आधी बोटीने, मग एसटीने, १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण झाली तेव्हापासून रेल्वेने. इथे जमीन कातळाची, तुकड्या तुकड्याची, एकच पावसाळी भाताचं पीक, त्यावर घर चालत नाही. बाबांचे वडील गिरणीत, बाबा पण सतराव्या वर्षी लालबागला गिरणीत चिकटले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर, त्यात आमच्या वाडीतली अकरा माणसं होती असं आई सांगते. बाबा संपाच्या काळात दीड वर्ष गावी होते. माझ्या लहानपणातली ती दीडच वर्षं अशी की बाबा रोज घरी जेवायला असायचे, आणि ती घरातली सगळ्यात गरिबीची वर्षं होती, हे मला फार उशिरा कळलं. मला तर ती सणासारखी आठवतात.

मनीऑर्डरवर चालणारा जिल्हा असं रत्नागिरीला म्हणायचे. पोस्टमन वाडीत आला की बायका हातातलं काम टाकून गडग्याशी येऊन उभ्या राहायच्या. पण पैसे आले तरी बाकीचं सगळं कोण करत होतं? लावणीचे बैल कोणाकडून आणायचे, वई (कुंपण) घालायला माणूस बघायचा, घरपट्टी भरायची, सासऱ्याला दाखवायला देवरुखला न्यायचं, पोराला शाळेत घालायचं, शाकारणी करून घ्यायची, भावकीतलं बांधाचं भांडण अंगावर घ्यायचं. आईने हे सगळं पन्नास वर्षं केलं, आणि कागदावर ती कोण? तर कोणाची तरी पत्नी.

यावरून माझ्या चुलतीची एक गोष्ट सांगायलाच हवी. काकी प्राथमिक शाळेत बाई होत्या, आता रिटायर आहेत, आणि २०११ ला आमच्या आणि बाजूच्या वाड्यांच्या प्रगणक, म्हणजे घरोघरी जाऊन मोजणी करणाऱ्या, त्याच होत्या. ९ ते २८ फेब्रुवारी असा मोजणीचा काळ होता, २९ प्रश्नांचा तक्ता, शाळा सुटल्यावर उन्हं उतरली की काकी पिशवी खांद्याला लावून निघायच्या. पहिलाच रकाना कुटुंबप्रमुखाचा. खालच्या वाडीतल्या एका घरी फक्त सासू, सून आणि दोन नातवंडं. काकींनी विचारलं, घरात कर्तं कोण? सासू म्हणाली, "ह्यो काय, झील हाय ना माजा, मुंबयला." काकी म्हणाल्या, मुंबईला राहतो त्याची मोजणी मुंबईत होणार, इथे जो कायम राहतो आणि घर बघतो त्याचं नाव पहिलं लिहायचं असतं, मग तुमचं लिहू का? तर ती म्हातारी चक्क घाबरली. "नको गो बाय, माजा नाव वर नको लिव, लोक काय म्हनतील." सुनेकडे बघितलं तर ती माजघराच्या दारात उभी, मान खाली. शेवटी काकींनी अर्धा तास बसून समजावलं, चहा झाला, मग म्हातारीचं नाव पहिल्या ओळीत लिहिलं. काकी म्हणतात, नाव लिहून झाल्यावर तिने तो कागद हातात मागून घेतला, तिला वाचता येत नव्हतं, नुसता बोटाने शोधत बसली की माझं कुठे लिहिलंय.

दुसरा कठीण प्रश्न कामाचा. गेल्या वर्षभरात काम केलंत का, विचारलं की प्रत्येक घरी एकच उत्तर, "नाय, घरीच असते." आणि हे सांगणाऱ्या बाईच्या पायाला चिखल्या पडून गेलेल्या भेगा दिसतायत, मागे गोठ्यात म्हैस ओरडतेय, खळ्यात नाचणीच्या पेंढ्याची उडवी आहे. नियम तर असा आहे की घरच्या शेतात बिनपगारी राबणं हे कामच धरायचं, नुसतं घरच्या खाण्यापुरतं भात पिकवलं तरी ते काम. पण प्रगणकाने उकरून विचारलं तर ते लिहिलं जाणार. काकी शेतकरी घरातल्या, त्या विचारायच्या, लावणीला गेली होतीस का, कापणी कोणी केली, झोडणी कोणी केली, आणि मग लिहायच्या. सगळीकडे असं कोण विचारत बसलं असेल? त्यामुळे काम करणाऱ्या बायकांचा आकडा कुठेही वाचला की मला आधी त्या माजघराच्या दारातली सून आठवते.

आता त्याच जनगणनेतली मला सगळ्यात जास्त खुपणारी गोष्ट. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या जवळजवळ १६ टक्क्यांनी वाढून ११ कोटी २३ लाखांवर गेली आणि रत्नागिरीची कमी झाली. १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९. सिंधुदुर्गाची पण घटली, ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१. सगळं राज्य वाढतंय, ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी फुगून १ कोटी १० लाखांवर गेला, देशातला सगळ्यात मोठा जिल्हा झाला, आणि आमच्याकडे घरांना कुलपं. (मुंबई शहर जिल्ह्याची पण घटली, साडेसात टक्क्यांनी, पण तिथे गिरण्या गेल्या, चाळी गेल्या आणि आमचीच माणसं विरार, नालासोपारा, डोंबिवली, बदलापूरला सरकली, ती गोष्ट वेगळी.)

बारकाईने बघितलं तर ११२२ हा आकडा पण खाली आलेलाच आहे, २००१ ला तो ११३६ होता. सिंधुदुर्गाचा तर १०७९ वरून थेट १०३६. आता हा बदल चांगला म्हणायचा की वाईट? मला जे दिसतं ते सांगते. आधी पुरुष एकटा जायचा, गावाच्या मंडळाच्या खोलीवर पंधरा-वीस जणांत पथारी टाकायचा, खानावळीत जेवायचा, बायको-पोरं गावी. नंतर नालासोपाऱ्याला वन रूम किचन घेतलं की बायको पण गेली, पोरं पण गेली. त्यामुळे बायका-पुरुषांचं प्रमाण जरा सारखं व्हायला लागलं, पण गावाला नवे पुरुष मिळाले म्हणून नाही, बायका पण निघाल्या म्हणून. मागे राहिल्या त्या आईच्या वयाच्या. सासू गेलेली, नवरा गेलेला, पोरं मुंबईला, आणि घर सोडवत नाही. मी स्वतः त्यातलीच, जनगणनेत स्थलांतराचं कारण विचारतात तिथे माझ्यापुढे "लग्न" लिहिलं जाणार, भावापुढे "नोकरी". पण मुलगा मुंबईत खोली असलेलाच हवा असं आईनेच ठरवलं होतं, मला गावात द्यायची तिची तयारीच नव्हती, मग ते नुसतं लग्न कसं?

आमच्या वाडीत तेवीस घरं. गणपतीत तेवीसच्या तेवीस घरात माणसं, अंगणात बूट-चपला मावत नाहीत, रात्रभर जाखडीचा नाच, लहान पोरांनी पऱ्या (ओढा) उपसून काढलेला. यंदा २ सप्टेंबरला गौरी-गणपतीचं विसर्जन झालं आणि पुढच्या दोन दिवसांत गाड्या सुटल्या. मी एक दिवस जास्त राहिले होते म्हणून संध्याकाळी दिवे मोजले. नऊ. नऊ घरांत मिळून सतरा माणसं, त्यातली बारा बायका. साठीच्या आतले धडधाकट पुरुष दोन, त्यातला एक रिक्षावाला, तो दिवसभर बाहेर.

मागच्या जुलैत शेजारची आजी वारली, नव्वदीला आली होती, भरल्या पावसात. मुलगा मुंबईहून निघाला पण हायवेला अडकला, पोचायला रात्र होणार. एरवी थांबले असते पण पऱ्याला पाणी चढत होतं, स्मशान पलीकडे. तिरडी बांधायला दुसऱ्या वाडीतले एक म्हातारे आले. खांद्याला चार माणसं हवीत आणि होते तीन, त्यातले एक सत्तरीचे. मग वरच्या कलमांच्या बागेत राखणीला नेपाळी जोडपं राहतं, त्यातला नवरा धावत आला आणि त्याने चौथा खांदा दिला. आईने मला हे फोनवर सांगितलं आणि शेवटी म्हणाली, त्याला मी घरी बोलावून जेवू घातलं, आपल्या माणसासारखा आला. हे लिहिताना पण मला भरून येतं. रत्नागिरीच्या हापूसच्या बागा आता बऱ्याच ठिकाणी नेपाळी माणसंच सांभाळतात, बंदरांवर बोटींवर खलाशी पण नेपाळी आहेत. आमचे पुरुष वॉचमन व्हायला कांदिवलीला जातात आणि आमच्या बागा राखायला माणूस हिमालयातून येतो. त्यांच्याही गावात कोणी म्हातारी एकटी बसली असणारच ना.

शाळेचं पण तेच. ज्या शाळेत आम्ही एका वर्गात बत्तीस पोरं होतो तिथे आज चार वर्गांत मिळून सात आहेत, त्यातली दोन त्या नेपाळी जोडप्याची, आणि ती दोघं इतकं सुंदर मराठी बोलतात. शिक्षकांना सारखी धास्ती, पट अजून घसरला तर शाळा राहणार की नाही. आता फक्त माणसं गेली म्हणून हे होत नाहीये, जन्मच कमी झालेत. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी पोरं, १.७ आलाय, लोकसंख्या जागच्या जागी राहायला २.१ लागतो. म्हणजे सगळं राज्यच हळूहळू म्हातारं होणार आहे, आमच्याकडे ते आधी दिसतंय एवढंच. लोकसंख्या वाढतेय वाढतेय म्हणून अजूनही व्हॉट्सअ‍ॅपवर घाबरवणारे मेसेज फिरतात, त्यांना एकदा आमच्या वाडीत पावसाळ्यात आणून ठेवावंसं वाटतं.

बीडचं पण दोन ओळीत लिहिते कारण भाच्याच्या पुस्तकात रत्नागिरीच्या खालीच बीड आहे, सगळ्यात कमी म्हणून. बीडमध्ये सहा वर्षांच्या आतल्या मुलींचं प्रमाण २०११ ला ८०७ होतं, दहा वर्षांपूर्वी ८९४ होतं, ही पडझड भयंकर आहे, तिथे मुली जन्मालाच येऊ दिल्या नाहीत आणि त्याला दुसरा शब्द नाही. पण म्हणून बीड वाईट आणि रत्नागिरी चांगली असं कोष्टक करून पोरांना पाठ करायला देऊ नका हो. एक आकडा लहान मुलींचा आहे, दुसरा सगळ्या वयांच्या माणसांचा. दोन्ही जिल्ह्यांतून माणसं पोटासाठी बाहेर जातात, पण बीडची नवरा-बायको कोयता घेऊन जोडीनेच ऊसतोडीला जातात, आमच्याकडे एकटा पुरुष गेला, म्हणून आकडे वेगळे दिसतात.

आणि माणसं कमी झाल्याचा फटका कागदावरच राहत नाही. २००८ ला मतदारसंघांची फेररचना झाली, ती २००१ च्या जनगणनेवर. त्यात आमचा संगमेश्वर मतदारसंघच गेला, तालुक्याचे तुकडे शेजारच्या मतदारसंघांत गेले. जिल्ह्यात आधी ७ आमदार होते, आता ५. जे मुंबईला गेले ते तिकडच्या हिशोबात धरले जातात, तिकडे आमदार वाढतात, पण त्यांची म्हातारी माणसं, जमिनी, देव, पालखी सगळं इकडे, आणि इकडची एसटीची वस्तीची गाडी बंद झाली तर बोलायला कोण?

आता पुढची जनगणना येतेय. २०२१ ची झालीच नाही, १६ जून २०२५ ला अधिसूचना निघाली, २०२६ मध्ये घरयादी आणि फेब्रुवारी २०२७ मध्ये माणसांची मोजणी, १ मार्च २०२७ हा संदर्भ दिवस. या वेळी जात पण विचारणार आहेत आणि सगळं मोबाइलवर. शिमगा त्यानंतर, मार्चमध्ये, म्हणजे तेव्हाही वाडीत चाकरमानी नसणार, दिसायची तीच नऊ घरं, तोवर कदाचित आठ. रत्नागिरीचा आकडा नवीन येईल, पोरं नवीन आकडा पाठ करतील.

निघायच्या आदल्या रात्री मी आईला हे सगळं समजावत होते. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या दिवशी तू हितं असलीस तर मग दोन लिवतील ना?" मी म्हटलं नाही गं, मी कायम विरारला राहते, माझं तिकडेच लिहिणार. "आणि दादाचं?" दादाचं नालासोपाऱ्याला. "मग एकच," ती म्हणाली, आणि दार लावायला उठली.

मी फेब्रुवारी २०२७ साठी आतापासून ऑफिसमध्ये सांगून ठेवलंय, मोजणी सुरू झाली की चार दिवस रजा. प्रगणक दारात येईल तेव्हा मला आईच्या बाजूला बसायचंय. कुटुंबप्रमुख म्हणून तिचं नाव स्वतः तिने सांगायचं, कोणाची पत्नी ते नंतर. आणि काम करता का विचारलं की "घरीच असते" म्हणायचं नाही, लावणी सांगायची, कापणी सांगायची, परसातली नऊ कलमं सांगायची. आम्ही दोघींनी त्याची एकदा तालीम पण केलीय. पहिल्या वेळी ती "घरीच असते" म्हणालीच. दुसऱ्या वेळी थोडं थांबून म्हणाली, "शेती करते."